निऊनिऊ, घरी ये

१२ ऑक्टोबर

पोचलो एकदाचे! गाडीत निऊनिऊनं पाच वेळा विचारलं, कायफंग येईपर्यंत मी म्हातारी होणार का? मी म्हटलं, तू नाही होणार, मी मात्र नक्की होणार.

हॉटेल बघून जीव सुखावला. संग्रहालयानं दिलेली जागा म्हणजे भिंतीला ओल आणि नळाला गळती असणार, अशी मनाची तयारी करून आले होते. तर खोली ५०८, दोन मऊ पलंग, पांढऱ्याशुभ्र चादरी, चहाची किटली, आंघोळीला टब, खिडकीतून तळं. लिफ्टमध्ये अशुभ चारचं बटणच नाही, म्हणजे मालक शहाणा दिसतो. थाटमाट काही नाही, पण हात लावावा तिथं स्वच्छ. सहा आठवडे माझं अंथरूण दुसरं कोणीतरी घालणार! सासूबाईंना फोनवर हे सांगितलं तर म्हणाल्या, फार सवय लावून घेऊ नकोस महाराणी, परत छनलोउ गावातच यायचंय, आणि इथं अंथरूण मी घालत नसते.

काम एका जुन्या रेशमी पडद्याचं आहे. त्यावरच्या शेवंत्या उंदरांनी खाल्ल्या आहेत, त्या पुन्हा भरायच्या. नवरा अंगोलात रस्ते बांधतोय, बालवाडीच्या बाईंनी सुट्टी दिली, म्हणून लेकीला काखोटीला मारून घेऊन आले.

वही नवी आहे म्हणून रीतसर लिहून ठेवते. मी फान शूयिंग, भरतकाम करते. लेक पाच वर्षांची, नाव दू रुओशी. पण त्या नावानं हाक मारली तर ती ढिम्म हलत नाही, दुसऱ्या कोणालातरी बोलावताहेत असं तिला वाटतं. घरीदारी सगळ्यांची ती निऊनिऊ. निऊनिऊ म्हणजे नुसतं 'पोरगी'. आमच्या होनान प्रांतात कुठल्याही गल्लीत उभं राहून ही हाक मारा, दहा दारांतून दहाजणी ओ देतील. मलाही माझी आई तेच म्हणायची.

१४ ऑक्टोबर

आयतं मिळायला लागलं की माणूस किती लवकर बिघडतं! सकाळी नुसतं खाली उतरायचं. गरम पेज, उकडलेली अंडी, सोयाबीनचं दूध, पिठाच्या पारीत रस्सा भरलेले वाफाळते बाओझ. निऊनिऊ बाओझला भोक पाडून रस्सा ओढून घेते आणि बाकीचं माझ्या ताटलीत ढकलते. दाराशी एक बाई खोलीचा नंबर आणि माणसं टिपून घेते: ५०८, मोठं एक, लहान एक.

इथल्या रोबोवर तर लेक फिदा आहे. कमरेएवढा पांढरा डबा. टॉवेल नाहीतर चपला मागवल्या की एकटाच लिफ्टनं वर येतो आणि लहान मुलीच्या आवाजात म्हणतो, मी आलेय, दार उघडा. निऊनिऊ त्याला बिस्किटं देऊ करते.

आमच्या मजल्याची सफाई म्याओ मावशींकडे आहे. पन्नाशीच्या, काटक, तोंडाच्या फटकळ. रिकाम्या खोलीचंही दार आधी तीनदा वाजवतात आणि बाजूला सरून उभ्या राहतात. मी हसून विचारलं, आत कोणी नाही तर वाजवता कशाला? म्हणाल्या, कोणी नाही म्हणून तर वाजवायचं, असणाऱ्यांना बेल आहेच की.

१६ ऑक्टोबर

खालच्या दालनात मधोमध, जमिनीत पलंगाएवढी जाड काच बसवली आहे. हॉटेलचा पाया खणताना जुनी गल्ली सापडली, ती काचेखाली दिव्यांच्या उजेडात दिसते. विटांची वाट, एका घराचा उंबरठा, एक फुटका वाडगा. व्यवस्थापक गुओ साहेब दर पाहुण्याला तिथं उभं करून सांगतात, चारशे वर्षांपूर्वी नदीचे बांध फोडले तेव्हा बुडालेलं कायफंग हे, आणि त्याच्याखाली आणखी जुनी आहेत. सांगताना तोरा असा, की जणू यांनीच बुडवलं. मावशींना ती काच मुळीच आवडत नाही. त्या वळसा घालून जातात.

आज दुपारी कामावरून आले तर निऊनिऊ काचेवर पालथी पडलेली, नाक काचेला टेकवलेलं. संग्रहालयात कंटाळली म्हणून मी तिला तासभर मावशींपाशी सोडलं होतं, आणि मावशी टॉवेल आणायला गेल्या होत्या. मी ओरडले, ऊठ, लोक काय म्हणतील! ती उठली ती पांढरीफटक. बदकाच्या चित्राचा पिवळा स्वेटर घामानं भिजलेला. म्हणाली, खाली एक मुलगी उताणी पडलीय, आणि मी हात ठेवला तिथं तिनं खालून हात ठेवला.

मी म्हटलं, वेडाबाई, ती तूच. काचेत आपलंच तोंड दिसतं.

ती म्हणाली, तिचे डोळे मिटलेले होते.

१८ ऑक्टोबर

अंग तव्यासारखं तापलंय. डॉक्टर म्हणाले हवा बदलली, साधा ताप आहे, औषध दिलं. ताप उतरत नाही. खात नाही, रडत नाही, हट्ट करत नाही. माझी लेक आणि हट्ट करत नाही! डोळे उघडे, पण त्यात घरात कोणी नसल्यासारखं. मी गुदगुल्या केल्या, रोबोला बोलावलं, शेवटी तिच्यासमोर बसून मीच रडले. तिनं बघितलंसुद्धा नाही.

१९ ऑक्टोबर

सासूबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी आधी माझी यथेच्छ हजेरी घेतली. म्हणे शेवंत्या महत्त्वाच्या, पोर गेली खड्ड्यात! मग आवाज खाली आणून म्हणाल्या, तापाचं औषध चालू ठेव, पण पोरीचा जीव दचकून अंगाबाहेर पडलाय. तो तिथंच घोटाळतोय. हाक मारून आणावा लागेल.

हे मला का माहीत नाही? लहानपणी कुत्रं अंगावर आलं होतं तेव्हा माझ्या आईनंही माझा जीव असाच बोलावून आणला होता. पोरीच्या अंगातला कपडा घेऊन दचकली त्या जागी जायचं, हाक मारायची, घरी ये म्हणायचं, आणि मागे न वळता घरापर्यंत चालत यायचं. उंबरठ्यावर विचारायचं, आली का? पोरीजवळ बसलेल्या माणसानं आतून म्हणायचं, आली.

सासूबाईंनी तीनदा बजावलं. पूर्ण नाव घे. बापाचं नाव, गावाचं नाव घे. आणि हे परक्या दारात करायचं नसतं, आधी पोरीला छनलोउला आण. पण चार तासांचा प्रवास, आणि अंगात एवढा ताप! मी म्हटलं, आई, आत्ता तरी हेच माझं घर. त्या म्हणाल्या, तुझ्या जिभेला काही हाड?

२० ऑक्टोबर

केलं. मावशींना निऊनिऊजवळ बसवलं, त्यांनी काय उत्तर द्यायचं ते नीट सांगितलं. दुपारी बाराच्या सुमाराला तिचा पिवळा स्वेटर घेऊन खाली गेले.

दालनात शांघायहून आलेली सहल. पंधरावीस माणसं, काठ्यांना लावलेले फोन, हसणं-खिदळणं. त्यांच्यामध्ये मी, शिकलेली बाई, हातात पोरीचा स्वेटर घेऊन काचेशी वाकलेली. एक बाई माझ्याकडे टक लावून बघत होती. लाज वाटली. खरंच लिहिते, लाज वाटली. बापाचं नाव, गाव, ते सगळं राहूनच गेलं. पुटपुटल्यासारखं तीनदा म्हणून टाकलं, निऊनिऊ, घरी ये. निऊनिऊ, घरी ये. निऊनिऊ, ५०८ मध्ये घरी ये.

मागे न बघता लिफ्टमध्ये शिरले. एकटीच होते. दार लागेना, वजन जास्त झाल्याची घंटा वाजायला लागली. मी स्वतःशीच हसले, म्हटलं इथले बाओझ अंगाला लागले वाटतं. जरा वेळानं आपोआप बंद झाली.

उंबरठ्यावर विचारलं, निऊनिऊ आली का? आतून बारीक आवाजात उत्तर आलं, आले.

२१ ऑक्टोबर

ताप उतरला! सकाळी डोळे उघडून टुकूटुकू बघत बसली होती. जीव भांड्यात पडला. न्याहारीला दोन वाडगे पेज आणि आठ बाओझ खाल्ले, सालासकट, मला एकही ढकलला नाही. मावशींना मिठी मारायला गेले तर त्या अंग चोरून बाजूला झाल्या, कामं पडलीत म्हणाल्या.

सासूबाईंना फोन केला. पूर्ण नाव घेतलंस ना, हा पहिला प्रश्न. मी हो म्हटलं. आता आजी खूश, नात खूश, मग मी कशाला वाकड्यात शिरू?

२३ ऑक्टोबर

एकदोन गोष्टी. उगाच काही नाही, पण लिहून ठेवते.

ती मला मम्मी म्हणत नाही. माय म्हणते. हा शब्द तिनं कुठं ऐकला? आमच्या घरी माय कोणीच म्हणत नाही, सासूबाईंची सासू म्हणायची म्हणे.

काल डाव्या हातानं जेवली.

दुपारी संग्रहालयातून आले तर खोलीतलं सगळं सामान पलंगावर. चपला, किटली, माझ्या रेशमाच्या लडी, कचऱ्याचा डबासुद्धा. टेबलावर खुर्ची, खुर्चीवर ती, पाय वर घेऊन बसलेली. रागावले नाही, विचारलं, हे काय गं? तिनं वाकून गालिच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, माय, पाणी उतरलं का?

२४ ऑक्टोबर

मावशींना गाठून विचारलं, त्या दिवशी नक्की काय झालं? मग हातातली बादली खाली ठेवून रडायलाच लागल्या.

मी उंबरठ्यावरून 'आली का' विचारलं तेव्हा त्या पोरीजवळ नव्हत्याच. फडकं भिजवायला न्हाणीत गेल्या होत्या, नळ चालू होता, माझा प्रश्न ऐकून धावत बाहेर आल्या. त्यांनी 'आली' म्हटलंच नाही. त्यांच्याआधी उत्तर आलं होतं.

निऊनिऊ तर ग्लानीत होती, ओठसुद्धा हलले नव्हते. मावशी म्हणतात, आवाज आतून आला नाही. तुमच्या पाठीमागून आला, बाई. लिफ्टपासून दारापर्यंत, एकीचा नाही.

२५ ऑक्टोबर

सकाळी रोबो आला. मी आलेय, दार उघडा. मी काही मागवलं नव्हतं. आत लहान मुलांच्या चपला, अकरा जोड. खाली फोन केला तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, मॅडम, तुमच्याच खोलीतून मागणी आलीय, लहान मुलीनं केली.

न्याहारीच्या दारात बाईनं टिपलं: मोठं एक, लहान — आणि थांबली. माझ्या मागे बघितलं. मग म्हणाली, बाकीच्या मुली वरच आहेत का?

आज ती नीट चालत नव्हती. टाचांवर, बारीक बारीक पावलं टाकत, भिंतीला धरून. पाय बघितले, काही लागलेलं नाही. विचारलं तर म्हणाली, बांधलेत ना, माय. दुखतात.

त्या दिवशीची डावखुरी. आजची पाय बांधलेली, जुन्या काळी मुलींचे पाय लहान राहावेत म्हणून बांधायचे तशी. देवा, या पाळीपाळीनं येताहेत.

२६ ऑक्टोबर

सासूबाईंपाशी सगळं कबूल केलं. नुसतं निऊनिऊ म्हटलं, आणि हॉटेलला घर म्हटलं. शिव्यांची वाट बघत होते. शिव्या आल्याच नाहीत. मग म्हणाल्या, अगं शूयिंग, त्या शहरात बुडालेल्या किती निऊनिऊ असतील गं. चारशे वर्षांत त्यांना एकाही आईनं घरी ये म्हटलं नसेल. तू म्हटलंस.

आणि माझी? माझी कुठं आहे?

धावत खाली गेले. गुओ साहेबांनी शहरातल्या शेवंती-उत्सवासाठी शेवंत्यांच्या कुंड्या काचेवर मांडल्यात. दोन उचलून बाजूला फेकल्या. भर दुपार, लख्ख उजेड. विटांच्या वाटेवर, त्या उंबरठ्याशी, बदकाचा पिवळा स्वेटर. गुडघ्यात डोकं घालून बसलीय. स्वेटर वर माझ्या बॅगेत आहे, आणि खाली तिच्या अंगात आहे.

ओरडले, दू रुओशी! दू वेनशानची लेक, छनलोउ गावची दू रुओशी, घरी चल! दहा वेळा, वीस वेळा. ती ढिम्म हलली नाही. तिला वाटतंय, दुसऱ्या कोणालातरी बोलावताहेत.

मग तोंडातून निऊनिऊ निघून गेलं. तिनं चटकन वर बघितलं. माझी! माझीच! पण तिच्या मागच्या अंधारातून आणखी तोंडं वर झाली. किती ते मोजवेना. मी तोंडावर हात दाबून धरला.

गुओ साहेब कुंडीचे तुकडे गोळा करत म्हणाले, बाईसाहेब, तुम्ही थोडी विश्रांती घ्या.

२७ ऑक्टोबर

गावी घेऊन जायचं ठरवलं. टॅक्सी दारात. उचलून घेतली. सरकतं दार उघडलं, आणि उंबऱ्यापलीकडे पाय टाकताच ती लाकडासारखी ताठ. श्वास बंद. ओठ निळे. तोंडातून गढूळ पाणी, पिवळं, रेतीसकट. आत ओढली, श्वास परत.

रुग्णवाहिका बोलावली. आत डॉक्टर म्हणाले नाडी उत्तम आहे. दाराबाहेर स्ट्रेचर गेलं आणि नाडी थांबली. मी त्यांच्या हातातून हिसकावून आत आणली. ते मलाच ओरडत होते. ओरडू देत.

नवऱ्याचा फोन लागला, अर्धा मिनिट. म्हणाला, तू दमलीयस शूयिंग, झोप काढ. झोप!

२८ ऑक्टोबर

आज समोर बसवून विचारलं. न भिता. खोटं कशाला लिहू, भिऊनच.

काय हवंय तुम्हाला? माझ्या पोरीचं अंग हवंय?

आधी डावखुरी बोलली. नको, म्हणाली, हे फार लहान आहे, आम्हाला पुरत नाही. मग मान वळली, आवाज बदलला, दुसरी. मग तिसरी. सगळ्यांचं एकच. माय, तू हाक मारलीस ना? मग तू घरी चल.

घर कुठं? बोट खाली, गालिच्याकडे.

मी आले तर हिला सोडाल?

हो म्हणाली. गोड हसली. मला दगडाचं काळीज असतं तर बरं झालं असतं, कारण मला त्यांची कीव आली. कोणाच्यातरी लेकीच ना त्या.

कसं यायचं तेही विचारून घेतलं. भर दुपारी काचेवर पालथं पडायचं, तिनं केलं तसं. त्या हाक मारतील. मी आले म्हणायचं.

२९ ऑक्टोबर

सासूबाईंना सांगितलं. म्हटलं, आई, पूर्ण नावानं ती येत नाही. निऊनिऊ म्हटलं की सगळ्या येतात. कोणीतरी खाली जाऊन तिचा हात धरून तिला पुढं ढकलायला हवं. त्या म्हणाल्या, मी जाते, माझी हाडं म्हातारी आहेत. मी म्हटलं, हाक मी मारलीय. त्या मला माय म्हणतात, तुम्हाला नाही.

बाई रडली. तीस वर्षं जिभेवर तलवार घेऊन फिरणारी बाई. म्हणाली, तुझं अंथरूण मी रोज घालीन गं, तू परत ये.

ठरलं असं. उद्या दुपारी सासूबाई पोरीला कडेवर घेऊन काचेपाशी उभ्या राहतील. पूर्ण नाव, बापाचं नाव, गाव. मग दाराबाहेर. मागे वळायचं नाही. आजीनं नाही, पोरीनंही नाही. वळली तर पुन्हा खाली.

शेवंतीच्या तीन पाकळ्या राहिल्या आहेत पडद्यावर. सुई तशीच लावून ठेवलीय. कोणी पूर्ण केलं तर फिकं पिवळं रेशीम वापरावं, गडद नको.

३० ऑक्टोबर, सकाळ

सासूबाई आल्या. पिशवीत पांढरा कोंबडा, वाट दाखवायला. गुओ साहेब म्हणाले, हॉटेलात प्राणी चालत नाहीत. त्या म्हणाल्या, तुमच्या हॉटेलात काय काय चालतं ते मला ठाऊक आहे, बाजूला व्हा. ते झाले.

मावशींनी मजल्यावरच्या सगळ्या खोल्यांची दारं तीनतीनदा वाजवली. काचेवरच्या कुंड्याही त्यांनीच हलवल्या. कधी नव्हे त्या काचेवर चालल्या.

पोरीच्या अंगात आज कोण आहे ते विचारलं नाही. तिचे केस विंचरले. केस तर माझ्याच लेकीचे आहेत.

सव्वाअकरा. वही छातीशी घेऊन जाते. भीती वाटतेय. फार भीती वाटतेय.

बारा

काच गार आहे. खालून हात लागले. लहान. खूप.

माय, घरी ये.

आले.

—

काच आता वर आहे.

पाणी नाही. पाणी कधीच उतरलंय. त्यांना कोणी सांगितलंच नाही —

सापडली. उंबरठ्याशी. मला बघून आधी रुसली, एवढा उशीर का म्हणून. मिठी. एकच. मग सांगितलं, ऐक, तुझं नाव दू रुओशी. म्हण. दू रुओशी. पुन्हा म्हण. ते नाव आलं की जायचं, वर आजी आहे. मागे बघायचं नाही. मम्मी? मम्मी येतेय मागून. खोटं बोलले. खोटं —

वर बुटांचे तळवे. म्याओ मावशींचे काळे. सासूबाईंचे कापडी. कोंबड्याचे पाय. आवाज येतोय, दू वेनशानची लेक —

ढकललं.

गेली. वर तिचे डोळे उघडले. आजीच्या खांद्यावर. मम्मी कुठंय म्हणतेय. मम्मी म्हणाली! माझीच आहे, माझीच —

या सगळ्या मला बिलगल्यात. कुशीत, पाठीवर, गळ्यात. माय, माय. धरून ठेवलंय मी. धरून —

दाराकडे निघाल्या. सासूबाई वळत नाहीत. शाबास, आई.

पोर वळतेय.

नको. मान वळतेय. खांद्यावरून. नको वळू. रुओशी म्हणून ओरडते — ऐकत नाही. ते नाव तिचं नाही, एका क्षणात कसं होईल — एकच हाक ऐकते ती — ती मारली तर या सगळ्या — आणि तीही वळेल — मारायची नाही. ओठ दाताखाली. मारायची नाही.

दार उघडलं. ऊन.

ती रडतेय. मम्मी, ओ दे.

देणार नाही. देणार नाही. देणार

निऊ